मदत हवी आहे: बागेतल्या बाकांवर स्प्रेने लिहिलंय, काढायचं कसं? (आणि लिहिणाऱ्या पोरांचं काय करायचं?)

अबोली_नेरुळ

मंडळी, जरा लांबण लावते, पण वाचा.

नेरुळला आमच्या सेक्टरात एक छोटी बाग आहे. चालायचा ट्रॅक, ओपन जिम, फायबरची घसरगुंडी, दोन झोपाळे (एकाची आता नुसती साखळीच लोंबतेय). सकाळी सहाला आम्ही पंधरा-वीस जण तिथे असतो. बहुतेक निवृत्त, गुडघे कुरकुरणारे.

गेल्या रविवारी गेलो तर सगळीकडे लाल स्प्रे. कडाप्प्याचे तीन बाक, घसरगुंडी आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी रंगवलेली भिंत. नावं, बाण घुसलेले बदाम, आणि इथे लिहिता येणार नाहीत असे दोन शब्द. भिंतीवरच्या फ्लेमिंगोला मिशा काढल्यात. (मिशा बऱ्या काढल्यात, पण ते असो.) प्रवेशाजवळच्या सप्तपर्णीच्या खोडावर, आमच्या हास्यक्लबाच्या पाटीखाली वीतभर, चाकूने दोन अक्षरं कोरलीत. चीक गळत होता. ते बघून मात्र पोटात कालवलं.

आमच्यातल्या एका काकांनी उत्साहाने घरून संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि एका बाकावर ओतलं. लाल रंग तसाच राहिला, भोवती पांढरा चट्टा मात्र पडला.

आता प्रश्न. हे काढायचं कसं? तक्रार कुठे करायची? आणि तिसरा, ज्याच्यामुळे झोप उडालीय: समोरच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत तीन पोरं दिसतात. त्यातला एक आमच्याच बिल्डिंगमधला आहे, दहावीतला. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. क्लिप सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी असं बहुमत आहे. मी अजून कुणालाच त्याचं नाव सांगितलेलं नाही.

रंगारी_ऐरोली

ताई, आधी ते ॲसिड काकांच्या हातून काढून घ्या. कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड रंगाला काही करत नाही, दगडच खातं. तो पांढरा चट्टा डाग नाही, दगडाची पॉलिश गेलीय. खोबरेल चोळलंत तर तात्पुरता काळा दिसेल, कायमचा घालवायचा तर मशीनने घासावं लागेल.

स्प्रे काढायला थिनर लागेल, पण बाक गुळगुळीत आहे की खरखरीत ते बघा. गुळगुळीत असेल तर कापसावर थोडा थिनर घेऊन टिपत टिपत काढा, दर वेळी नवा कापूस. तोच बोळा फिरवत राहिलात तर अख्खा बाक गुलाबी होईल. खरखरीत दगडावर थिनर नुसता ओतला की रंग पातळ होऊन छिद्रांत आणखी खोल जातो. तिथे मुलतानी मातीत थिनर कालवून लापशीसारखा लेप करा, बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून वाळू द्या. माती वाळता वाळता रंग वर ओढून घेते. दोनदा-तीनदा करावं लागेल.

घसरगुंडीला थिनर अजिबात नको, फायबरची चकाकी जाईल. आधी टर्पेंटाइन, तेही खालच्या बाजूला कोपऱ्यात लावून बघून. उरलेल्याला गाडीचं रबिंग कंपाउंड.

भिंतीवर काही चोळू नका, लाल रंगाबरोबर फ्लेमिंगोही जाईल. तेवढा भाग परतच रंगवायचा. आणि थेट रंग मारू नका, खालचा लाल फुटून वर येतो. आधी प्रायमर.

हातमोजे घाला, जवळ कुणाला विडी ओढू देऊ नका, आणि भर उन्हात थिनरचं काम करू नका, उडून जातो.

कलम_दवात

पुसायच्या आधी फोटो काढलेत ना? नसतील तर आजच काढा. जवळून आणि लांबून, दोन्ही.

बाग महापालिकेची, म्हणजे तक्रार उद्यान विभागाच्या नावे लेखी, विभाग कार्यालयात देऊन पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं माळ्याच्या टोपीतच राहतं. बाक स्वतः साफ करणार असाल, भिंत रंगवणार असाल, तर तेही त्याच अर्जात लिहा आणि परवानगी मागा. मालमत्ता त्यांची आहे.

कायदे आहेत. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोडफोडीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४. स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर एक वर्षापर्यंत.

पण पोरं अठराच्या आतली असतील तर चित्र बदलतं. असल्या गुन्ह्यात मुलावर एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. प्रकरण तिथवर गेलं की मुलाची ओळख पटेल असं काहीही पसरवणं हाच गुन्हा: बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. मिशा काढणाऱ्याच्या शिक्षेशी ताडून बघा. क्लिप ग्रुपवर टाकू नका. समोरच्या सोसायटीला फक्त एवढं सांगा की फुटेज पुसलं जायच्या आत कॉपी करून ठेवा.

पानगळ

सप्तपर्णीला हात लावू नका. जखमेवर शेण, ऑइलपेंट, सिमेंट, हळद काहीही नको. नुसतं वाळू द्या, झाड कडेने स्वतःच साल चढवत आणतं. अक्षरं मात्र त्याच उंचीवर राहतील, झाड शेंड्याकडून वाढतं.

एक विचारू? हास्यक्लबाची पाटी झाडाला कशी लावलीय?

अबोली_नेरुळ

खिळ्यांनी. 😐

पानगळ

वाटलंच. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. आणि परवानगी नसेल तर वर कलम_दवात यांनी दिलेला १९९५ चा कायदाही तुमच्या पाटीला लागू. क्लिप टाकायची असेल तर पाटीचा फोटोही टाका म्हणावं.

घणसोलीकर

पानगळ, ताईंना कशाला धरताय? पाटी आणि शिव्या एकाच मापाने मोजणार का?

पानगळ

मी नाही मोजत. झाडाला वाचता येत नाही हो.

खडूफळा

मी शाळेत तीस वर्षं काढली. दहावीच्या पोराला ग्रुपवर टाकलंत तर तो बाग साफ करायला येणार नाही, दुसरी बाग शोधेल. आईकडेही आधी जाऊ नका, ती बिचारी एकतर त्याला बडवेल नाहीतर तुमच्याशी बोलणं टाकेल. त्यालाच जिन्यात गाठा. “मिशा तू काढल्यास का?” एवढंच विचारा. तोंडावर कळेल. मग रविवारी सकाळी सहाला बागेत ये म्हणावं, मित्रांना घेऊन, जुने कपडे घालून. आईबाबांना सांगणं त्याच्यावर सोपवा, एका दिवसाची मुदत देऊन. थिनर त्यांच्या हातात नको, लेप खरवडायचं काम द्या.

अबोली_नेरुळ

सगळ्यांचे आभार. काल लेखी अर्ज दिला, पोच घेतली, साफसफाईला परवानगी मिळाली. भिंतीचं ते स्वतः बघणार आहेत. पाटी मी आणि एका मावशींनी उतरवली. चार खिळे निघाले, पाचवा झाडाने गिळलाय, तो तसाच ठेवला. यावरून क्लबात दोन जण माझ्याशी बोलत नाहीयेत. “पोरांनी केलं आणि शिक्षा आपल्याला?” असं चाललंय. ॲसिडवाले काका मात्र माझ्या बाजूने आहेत.

जिन्यात गाठला त्याला. आधी नाही म्हणाला, मग कान लाल झाले. म्हणे, अक्षरं मी नाही कोरली, फक्त मिशा माझ्या. विश्वास ठेवायचा की नाही कळेना. रविवारी येतो म्हणालाय. आईला अजून सांगितलेलं दिसत नाही, मुदत आज रात्रीपर्यंत आहे. लिफ्टमध्ये ती भेटली तेव्हा मी उगाच भाजीचे भाव काढले.

रंगारीदादा, मुलतानी माती मेडिकलमधली घ्यायची की किराणातली? तीन बाकांना साधारण किती लागेल?

रंगारी_ऐरोली

किराणातली, सुटी मिळेल ती. चेहऱ्याला लावायची सुगंधी नको. आधी दोन किलो आणा, एका बाकाचा एक कोपरा करून बघा, मग सांगतो.