दक्षिण कोरियातील कामगारांचा विरोध नेमका कशाला होता?

मुक्ता_वाचते

सर्वांना नमस्कार. औद्योगिक संबंध या विषयाच्या अभ्यासासाठी मी दक्षिण कोरियावर दीर्घ निबंध लिहीत आहे. हाती आलेल्या बहुतेक लेखनात एकच मांडणी दिसते: गुणवत्ता मंडळे (कामाचा दर्जा सुधारण्यासाठी चर्चा करणारे कामगारांचे छोटे गट) आणि सूचना योजना जपानकडून आल्या, शिस्तीत वाढलेल्या कामगारांनी त्या मुकाट्याने स्वीकारल्या आणि एका पिढीत देश औद्योगिक झाला. हे खरे असेल, तर १९८७ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात तीन हजारांहून अधिक औद्योगिक संघर्ष कसे झाले? रोष केवळ अपुऱ्या वेतनावर होता, की काम करून घेण्याच्या पद्धतीवरही होता? आणि त्या उठावानंतर या पद्धतींचे काय झाले? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_अभ्यासक

मुक्ताताई, रोष दोन्हींवर होता, आणि ते दोन्ही वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९७० मध्ये खेड्यांसाठी सुरू केलेली सेमाउल म्हणजे 'नवे गाव' चळवळ पुढे कारखान्यांतही आणली गेली. गुणवत्ता मंडळे तिच्याच छत्राखाली वाढली आणि त्यांच्यासोबत कारखाना म्हणजे घर, मालक म्हणजे वडीलधारा माणूस, ही शिकवणही आली. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांतील अशा मंडळांच्या पाठीशी दीर्घकालीन नोकरीची हमी होती. कोरियात मात्र १९५३ चा कामगार कायदासुद्धा बहुतांशी कागदावरच राहिला होता. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारात चॉन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा त्याची मागणी असलेला कायदा पाळा एवढीच होती.

उल्सान या औद्योगिक शहराचे उदाहरण आपण अवश्य घ्यावे. तेथील ह्युंदाईच्या जहाजबांधणी कारखान्यात प्रवेशद्वारावरचे पहारेकरी कामगारांचे केस आणि पोशाख तपासत असत. १९८७ मध्ये तिथल्या कामगारांनी पुढे केलेल्या मागण्यांत वेतनवाढीबरोबरच केस हवे तसे ठेवण्याचे स्वातंत्र्य ही मागणी होती. काही लेखक तिचा उल्लेख गंमत म्हणून करतात, याचे मला वाईट वाटते. अवाढव्य जहाजे बांधणाऱ्या प्रौढ माणसाचे केस दारावर तपासले जात असतील, तर आत गेल्यावर गुणवत्ता मंडळात त्याने मोकळेपणाने सूचना मांडाव्यात, ही अपेक्षाच कशी करता येईल?

गती_आणि_तास

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यापुढचा भाग माझ्या मते अधिक विचार करण्याजोगा आहे. १९८७ नंतर मोठ्या कंपन्यांतील संघटनांनी वैयक्तिक मूल्यमापनालाच हात घातला. फोरमनने दिलेल्या गुणांवर पगार ठरणे अनेक ठिकाणी बंद झाले आणि सेवाज्येष्ठतेनुसार वेतनश्रेणी आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी 'नवे व्यवस्थापन' या नावाखाली कौशल्यानुसार वेतन, गटाने काम करण्याची पद्धत आणि मूल्यमापन पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला. ह्युंदाई मोटर या मोटार कंपनीत उत्पादन कामगारांच्या संघटनेने तो यशस्वी होऊ दिला नाही. तिथे नवे मॉडेल लाइनवर, म्हणजे जुळणीच्या सरकत्या पट्ट्यावर घ्यायचे असेल, तर किती मनुष्य-तास लागतील, लाइनची गती किती असेल आणि कोणत्या ठिकाणी किती माणसे उभी राहतील, याची व्यवस्थापनाला संघटनेशी वाटाघाट करावी लागते. कामाची गती कुणी ठरवायची, हाच माझ्या मते या संपूर्ण इतिहासाचा गाभा आहे.

कंपनीचे प्रत्युत्तरही तितकेच बोलके होते. कामगारांच्या सहभागावर विसंबून राहायचे नाही, असे ठरवून तिने स्वयंचलित यंत्रांवर आणि अभियंत्यांवर भर दिला. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरचा माणूस दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवतो आणि सुधारणा सुचवतो. ह्युंदाईने बहुतेक विचार अभियंत्यांकडे सोपवला आणि लाइनवरचे काम शक्य तितके सोपे केले. म्हणजे कामगारांनी गतीवर हक्क मिळवला खरा, पण कौशल्य वाढवण्याची संधी बऱ्याच अंशी त्यांच्या हातून निसटली.

लाइनवरचा_माणूस

वरील दोन्ही उत्तरे विचारपूर्वक लिहिलेली आहेत, परंतु त्यांत कंत्राटी कामगार कुठेच दिसत नाहीत, आणि ते वगळून हा निबंध पुरा होणार नाही. आर्थिक संकटानंतर फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समझोत्यातून कामगार कपातीला कायदेशीर वाट मिळाली. त्या वर्षी ह्युंदाई मोटरमध्ये महिनाभराहून अधिक काळ संप चालला आणि शेवटी २७७ जणांच्या कपातीवर तडजोड झाली. त्यांतल्या १४४ जणी कँटीनमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया होत्या, ज्यांनी संपकाळात संपकऱ्यांना जेवू घातले होते. त्यानंतर २००० मध्ये कायम कामगारांच्या नोकरीची हमी देणारा करार झाला, आणि त्याच करारात १६.९ टक्क्यांपर्यंत कंत्राटी कामगार घेण्यास संघटनेने मान्यता दिली. एकाच मोटारीचे डावे चाक कायम कामगार बसवतो आणि उजवे चाक कंत्राटी कामगार, असे तिथले लोक सांगत. काम तेच, लाइन तीच, मंदी आल्यावर आधी बाहेर जाणारा मात्र ठरलेला.

जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कंत्राटी कामगारांनी उल्सानच्या पहिल्या कारखान्याचा २५ दिवस ताबा घेतला, आणि त्यांची मुख्य मागणी कायम करून घेण्याची होती.

मुक्ता_वाचते

सर्वांचे मनापासून आभार. कँटीनमधील स्त्रियांविषयी मी प्रथमच वाचले आणि फार अस्वस्थ झाले. एक पूरक प्रश्न विचारते. कायम आणि कंत्राटी कामगारांना एकाच संघटनेत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत का?

लाइनवरचा_माणूस

झाले. ह्युंदाई मोटरमध्ये असा प्रस्ताव प्रतिनिधींसमोर आला होता, पण तो संमत झाला नाही. किआ या दुसऱ्या मोटार कंपनीत २००८ मध्ये दोघांची एकच संघटना झाली, आणि तो प्रयोग देशभर आदर्श म्हणून सांगितला जाई. एप्रिल २०१७ मध्ये तिथे पुन्हा मतदान झाले. कंत्राटी कामगारांना वेगळे काढावे, या बाजूने ७० टक्क्यांहून अधिक मते पडली.