वसंत ऋतूत लहान मुलांना काय ऐकवावं, काय करून घ्यावं?

अबोली_फुलली

चार ते सहा वयाची आठ-दहा मुलं आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतात. गाणी, गोष्टी, थोडी चित्रं असं तासभर चालतं. वसंत सुरू झालाय, तर पुढचे काही आठवडे याच ऋतूभोवती संगीत घ्यायचं मनात आहे. शोधायला गेलं की नाचणारी फुलं-फुलपाखरं असलेले व्हिडिओ मिळतात. ते लावले की मुलं पडद्याकडे टक लावून बसतात आणि कान बंदच राहतात. मला पडदा नकोय. थोडं ऐकणं, थोडं हातापायांनी करणं, थोडं गाणं असं हवंय.

शास्त्रीय संगीत या वयात ऐकवावं का? बसंत आणि बहार ही रागांची नावं माहीत आहेत, पण लावलं की दोन मिनिटांत चुळबुळ सुरू होते. मला पेटीवर साधी गाणी वाजवता येतात, इतपतच संगीत येतं.

मंद्रसप्तक

मी बालवाडीतल्या मुलांचा गाण्याचा वर्ग घेते. माझं ठाम मत आहे की वसंताची सुरुवात स्पीकर न लावता करावी. आधी मुलांनी बाहेरचं ऐकावं, मग स्वतःच्या गळ्यातून आणि हातातून ते काढावं आणि सगळ्यात शेवटी इतरांनी रचलेलं ऐकावं. हाच क्रम उलटा केला की तुम्ही म्हणता ती चुळबुळ होते, कारण कशाकडे कान द्यायचा हेच मुलांना ठाऊक नसतं.

अंगणात, गच्चीत किंवा खिडकीशी डोळे मिटून मिनिटभर बसवा. नवा आवाज आला की बोट वर. एवढंच. मिनिटाच्या वर ताणू नका.

आसपास कोकीळ असेल तर तुमचं निम्मं काम झालं. त्याची हाक नीट ऐका. प्रत्येक ‘कुऊ’ आधीच्यापेक्षा जरा वरच्या सुरात असते, ती चढत जाते आणि टोकाला पोचली की तो एकदम गप्प होतो. मुलांचे हात गुडघ्यांवर ठेवा. पहिल्या हाकेला हात कमरेवर, मग छातीवर, खांद्यावर, डोक्यावर. तो थांबला की झटकन खाली. आमच्या वर्गातली एक मुलगी हात उंच करून चवड्यांवर उभी राहिली आणि कोकीळ थांबला तरी खाली येईना. ‘अजून जाणारे तो,’ म्हणाली. पुढची हाक आली ती पुन्हा खालच्या सुरात. तिने क्षणभर ऐकलं, हात गुडघ्यांवर आणले आणि शेजारच्याला बजावलं, ‘पहिल्यापासून!’ सूर चढतो म्हणजे काय, हे तिला आता कुणी समजावायची गरज नाही. नंतर तोच खेळ पेटीवर घ्या. तुम्ही सूर चढवत न्या आणि मधेच थांबा.

यानंतर फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस यांच्या १८८६ मधल्या ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मधला कुक्कू पक्ष्याचा भाग ऐकवा. दोन पियानो जंगलासारखे संथ चालतात आणि मधूनमधून क्लॅरिनेट (फुंकून वाजवायचं वाद्य) फक्त दोन सूर वाजवतं, पहिला वरचा, दुसरा खालचा. युरोपातला कुक्कू असा उतरतो, आपला कोकीळ चढतो. हा फरक मुलं स्वतःहून पकडतात, तुम्ही आधी सांगून टाकू नका. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याने मंचाआड राहावं, अशी संगीतकाराचीच सूचना आहे. म्हणून एका मुलाला दाराआड उभं करा, त्याने तिथून दोन सुरांत ‘कु-कू’ म्हणायचं. दाराआड कोण, हे बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. या खेळाला आमच्याकडे कधीच कंटाळा आला नाही. पेटीवर प आणि त्याखालचा शुद्ध ग दिलात तर या वयात सहज जमतं.

इटालियन संगीतकार विवाल्दी यांच्या ‘फोर सीझन्स’ या चार ऋतूंवरच्या रचनांमधला ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत घ्यायचा तर पहिलाच भाग घ्या, साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. १७२५ मध्ये ‘फोर सीझन्स’ छापलं गेलं तेव्हा प्रत्येक ऋतूसोबत एक कविता होती आणि तिच्यातल्या ओळी वादकांच्या पानांवर जागोजागी लिहिलेल्या होत्या. त्यामुळे इथे पक्षी, इथे झरा, इथे गडगडाट, हे आपल्या मनाचं ठरत नाही, ते रचनेतच आहे. सुरुवातीची धून पुन्हा पुन्हा येते. ती आली की मुलांनी गोलात चालायचं. व्हायोलिनांची किलबिल सुरू झाली की थांबून फक्त बोटं नाचवायची. झऱ्याला हात लहरते ठेवायचे, गडगडाटाला पाय आपटायचे. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ होईल, होऊ द्या. तोच तुकडा पुढच्या आठवड्यात लावा, त्याच्याही पुढच्या. दर वेळी नवं ऐकवण्याचा मोह टाळा. धून परत यायच्या आतच एखादं मूल पाय उचलून तयार उभं राहिलेलं दिसलं, की ते ऐकतंय असं समजा.

बसंत-बहारबद्दल. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, या वयासाठी नाही. बहारची एखादी द्रुत (जलद लयीतली) बंदिश किंवा बासरीवरची छोटी गत (वाद्यावरची बांधलेली धून) दोन-तीन मिनिटं लावा, मुलं रुमाल घेऊन हलत असताना. बहारमधला ‘म ध नि सां’ हा चढता तुकडा तुम्ही पेटीवर वाजवून गाऊनही घेऊ शकता. बसंत मात्र फक्त ऐकवा. त्यातला कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम छोट्या गळ्यांकडून गाऊन घ्यायची घाई नको. तो राग वरच्या षड्जाभोवती (वरच्या सा भोवती) रेंगाळतो, तेवढी झळाळी त्यांच्या कानात राहिली तरी पुष्कळ.

एक गोष्ट आवर्जून सांगते. आपण मोठी माणसं मुलांना फार खाली गायला लावतो. या वयाचा गळा साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत (पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्यापर्यंत) आरामात चालतो. पांढरी दोनला सा धरा आणि बहुतेक गाणी सा ते प यांतच ठेवा. घरातले पुरुष गाऊन दाखवणार असतील तर सूर आधी पेटीवर द्या, नाहीतर मुलं तो जाड आवाज काढायला जातात आणि गाणं बोलण्यावर येतं.

मधमाशीही विसरू नका. ओठ मिटून ‘म्म्म’, एक बोट ओठांवर. गुदगुल्या झाल्या तर बरोबर. माशी जवळ आली की आवाज मोठा, लांब गेली की बारीक. लहान-मोठा आवाज शिकवायला इतकं सोपं साधन नाही.

पाणकावळा

पक्षीनिरीक्षक म्हणून थोडी भर. मंद्रसप्तक ताईंनी सांगितलेला हातांचा खेळ फारच आवडला. फक्त एक विनंती, मोबाईलवर कोकिळाचा आवाज लावून खऱ्या कोकिळाला बोलतं करू नका. हा त्यांचा विणीचा काळ असतो, तो आवाज नराला प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि तो पुन्हा पुन्हा उत्तर देत बसतो. मुलांनी तोंडाने एखाद-दुसरी हाक दिली तर ठीक, पण लगेच थांबावं.

चढत जाणारी हाक काळ्या, लाल डोळ्यांच्या नराची. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा तुटक. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. त्यामुळे एका गटाने चढता ‘कुऊ’, दुसऱ्याने ‘किक-किक’ आणि तिसऱ्याने ‘काव’ म्हटलं तर गोष्ट आणि तीन तऱ्हेचे आवाज एकदमच मिळतात. जमलं तर वर्ग सकाळी लवकर ठेवा, उजाडल्यावरच्या पहिल्या तासात पक्षी सगळ्यात जास्त बोलतात.

अबोली_फुलली

दोघांचेही मनापासून आभार. या आठवड्यात कोकिळाने सुरुवात करते. दोन शंका आहेत. एक मुलगा ढोलकी किंवा मोठा आवाज आला की कान झाकून कोपऱ्यात जातो, विवाल्दीच्या गडगडाटाचं त्याच्यासाठी काय करू? आणि खुळखुळे बनवून घ्यावेत का?

मंद्रसप्तक

त्याला कान झाकू द्या, कुणी हसणार नाही एवढं बघा. स्पीकर मुलांपासून लांब ठेवा आणि आवाज इतकाच, की शेजारी बसलेल्याशी नेहमीसारखं बोलता यावं. गडगडाट कधी येणार हे कळलं तर अशा मुलांची धास्ती बरीच उतरते. म्हणून ‘आता ढग येणार’ ही खूण करायचं काम त्यालाच द्या, हात वर केला की ढग. त्याला जास्त काही सांगू नका, वरच्या हाताकडे सगळे बघतील तेवढं पुरे. तरीही नकोसं वाटलं तर त्या दिवशी त्याला दाराशी उभा राहून ऐकू द्या.

खुळखुळे जरूर. झाकणाच्या तीन सारख्या डब्या घ्या. एकीत वाळू, दुसरीत बारीक बिया, तिसरीत मोठ्या बिया. झाकणं चिकटपट्टीने पक्की बंद करा, लहान भावंडं येत असतील तर नक्कीच, बी तोंडात जायला वेळ लागत नाही. डब्या रंगवायच्या आधी न बघता हलवून ओळखायला लावा. आणि एक तुलना अवश्य करा. झाडाखाली पडलेलं वाळकं पान आणि फांदीवरचं कोवळं पान, दोन्ही कानाशी धरून बोटांनी चोळायची. वाळकं कुरकुरतं, कोवळ्याचा जवळजवळ आवाजच येत नाही. आमच्याकडे मुलं वाळक्या पानांचा ठेका धरतात आणि ‘कोवळं’ म्हटलं की हात चालू ठेवून आवाज बंद करतात. ताल मनात चालू ठेवायचा हा सराव विवाल्दीच्या आधी पाच मिनिटं घ्या, गोलातलं थांबणं-चालणं लवकर बसेल.