पोलिसांचं ऑनलाइन प्रशिक्षण: आधी ड्युटीचे तास द्या, मग प्रमाणपत्र मागा

तपासी अंमलदार (धागाकर्ता)

वरून आदेश येतो: अमुक कोर्स अमुक तारखेपर्यंत सगळ्यांनी पूर्ण करावा, प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा. कोर्स कधी करायचा हे कुणी सांगत नाही. बंदोबस्त, रिमांड, समन्स, नाईट राऊंड यातून माणूस सुटतो तो थेट घरी जायला. म्हणजे झोपेच्या वेळेत करायचा. मी तालुक्याच्या ठाण्यात उपनिरीक्षक आहे आणि माझं मत असं की हे प्रशिक्षण असेल तर ते ड्युटीत धरा. स्टेशन डायरीला नोंद घ्या आणि त्या तासात त्या माणसाला दुसरं काम सांगू नका.

गैरसमज नको, मी ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूचा आहे. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले: भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम. ज्यांच्या तोंडात खुनाला ३०२ आणि फसवणुकीला ४२० बसले होते त्यांना १०३ आणि ३१८ लिहायची वेळ आली. तेव्हा आम्हाला खरा हात दिला तो एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘संकलन’ ॲपने. जुनं कलम टाकलं की नवं समोर येतं, नेट नसलं तरी चालतं. गुन्हा दाखल करताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आजही ते उघडं असतं. आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण पोर्टलवर नव्या कायद्यांचे कोर्स आहेत. सायबर तपासासाठी ‘सायट्रेन’ पोर्टल आहे. मूळ कायदा वाचायला ‘इंडिया कोड’, आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल ‘ई-एससीआर’वर फुकट मिळतात, बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादसुद्धा. पूर्वी एखाद्या निकालाची प्रत हवी तर सरकारी वकिलांच्या मागे लागावं लागायचं.

एक उदाहरण देतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याला आता पार्ट ए आणि पार्ट बी असे दोन भाग आहेत, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या फाइलमधून गणिताने काढलेला आकडे-अक्षरांचा एक लांब क्रमांक. फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तर तो पूर्ण बदलतो. आता दुकानदाराने सीसीटीव्हीचं फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवलं तर व्हिडिओ आपोआप दाबून लहान होतो, म्हणजे आपल्या हातात आलेली फाइल मूळ फाइल राहिलीच नाही. हे मला एका ऑनलाइन धड्यातून कळलं. तेव्हापासून मी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः डीव्हीआरपाशी (फुटेज साठवणाऱ्या यंत्रापाशी) जातो, तिथेच कॉपी करतो, तिथेच हॅश काढतो आणि पंचनाम्यात लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी हे शिकवायला कोण येणार होतं?

निवृत्त प्रशिक्षक

तुमची तळमळ पटते, पण मुद्द्याला माझा विरोध आहे. मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात बरीच वर्षं शिकवलं आहे. ऑनलाइन कोर्सला तुम्ही ड्युटीचे तास मिळवून दिलेत तर खातं काय म्हणेल? झालं प्रशिक्षण. मग उजळणी वर्गासाठी माणूस केंद्रात पाठवायची गरजच उरणार नाही. ठाणेदार तर आधीपासून माणूस सोडायला नाखूष असतात, त्यांना हे आयतंच मिळेल.

कायद्याची माहिती मोबाइलवर मिळते, तिथवर ठीक. झडती मोबाइलवर शिकता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे, अगदी जप्तीची यादी तयार होऊन पंचांच्या सह्या होईपर्यंत. हे वाक्य पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. आता प्रत्यक्ष बघा. खोली दहा बाय दहाची, आत अंधार, दारात बायकामुलं रडताहेत, बाहेर गर्दी. मोबाइल कुणी धरायचा? पंचांचे चेहरे आणि आत जाण्याआधी आपले रिकामे हात कॅमेऱ्यासमोर आधी दाखवलेत का? कपाट उघडणारा हात आणि वस्तू एकाच वेळी चित्रात येतात का? लाखेचं सील करताना मुद्रण बंद झालं, तर ‘त्या मधल्या वेळात काय केलंत?’ हा प्रश्न उलटतपासणीत येणारच. मी प्रशिक्षणार्थींकडून हे खोटी खोली मांडून करून घ्यायचो, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे हात बसतो.

म्हणून माझी मागणी उलटी आहे. ते तास मोबाइलला देऊ नका. वर्षातून काही दिवस माणूस केंद्रात पाठवा.

महिला अंमलदार

सर, केंद्रात पाठवा म्हणणं सोपं आहे. माझं मूल दोन वर्षांचं आहे. मुक्कामी प्रशिक्षणाची यादी लागली की माझ्यासारख्या कितीतरी जणी नाव कमी करा म्हणून अर्ज देतात, आणि मग तपासाची कामंही त्यांच्याकडे येत नाहीत. ‘तुमचं ट्रेनिंग झालेलं नाही ना’ म्हणतात. ऑनलाइन कोर्समुळे पहिल्यांदा मला पुरुष सहकाऱ्याइतकीच संधी मिळाली. हे इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पण धागाकर्त्या साहेबांनाही एक सांगते. बरेच जण व्हिडिओ चालू करून मोबाइल टेबलावर ठेवतात आणि कामाला लागतात. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आलेली असतात. ड्युटीचा तास दिलात तरी हे थांबणार नाही. आणि भाषा! बहुतेक साहित्य इंग्रजीत, फार तर हिंदीत. आमचा पंचनामा, फिर्याद, जबाब सगळं मराठीत. इंग्रजीत शिकून मराठीत लिहायचं म्हटल्यावर माणूस जुनाच नमुना काढतो आणि त्यात कलमं तेवढी बदलतो.

तपासी अंमलदार

ताई, मुलाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो मीच मांडायला हवा होता, बरं झालं तुम्ही लिहिलंत. उत्तरं ग्रुपवर फिरतात ते मात्र घाईपायी. रात्री अकरा वाजता, उद्या शेवटची तारीख, असं असेल तर कुणीही तेच करेल. वेळ मिळाल्यावर सगळे शिकतील असं मी म्हणत नाही. ज्याला शिकायचंय त्याला तरी शिकता येईल.

प्रशिक्षक सर, केंद्रातल्या सरावाला पर्याय नाही हे मान्य. पण केंद्रात जागा मर्यादित. यादीत नाव येईपर्यंत ठाण्यात गुन्हे थांबत नाहीत.

फौजदारी वकील

मी आरोपीच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे तुमच्या प्रशिक्षणाचा निकाल मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दिसतो. दोघांनाही एक विचारते: प्रमाणपत्र कुणासाठी? तपास अधिकाऱ्याला मी विचारणार ते ‘हॅश कुठे काढली, कुणी काढली, पार्ट बीवर सही कुणाची’. त्याने किती कोर्स केले याच्याशी मला घेणं नाही.

या बाबतीतला सगळ्यात मोठा धडा आपल्याच जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, यावरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सुप्रीम कोर्टात पोचला. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर सगळा भर होता आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. १४ जुलै २०२० ला कोर्टाने ठरवलं की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल तर जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५ब चं (आताच्या कलम ६३ सारखंच) प्रमाणपत्र अनिवार्य आहे. संबंधित माणूस ते देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं, हेही त्यात आहे. हा निकाल पोलिसांच्या कामाचा किती आहे! पण प्रमाणपत्र मिळत नसेल तर कोर्टामार्फत मागवावं, हे मला बऱ्याच तपास अधिकाऱ्यांना माहीत नसल्याचं दिसतं. मग पुरावा बाद व्हायची वेळ येते आणि पेपरात छापून येतं की वकिलांनी सोडवलं.

तेव्हा माझा विरोध तुमच्या परीक्षांना आहे. चार पर्यायांतून एक निवडा, ही परीक्षा नव्हे. तपास अधिकाऱ्याकडून एक खराखुरा पंचनामा आणि एक कलम ६३ चं प्रमाणपत्र लिहून घ्या आणि ते सरकारी वकिलाकडून तपासून घ्या. मी स्वतः उलटतपासणी घ्यायला येईन, मानधन नको.

सायबर कक्ष

प्रशिक्षक सरांशी मी अजिबात सहमत नाही. झडती, सील, पंच हे वर्षानुवर्षं तसंच राहतं. आमच्याकडे गुन्ह्याची पद्धत महिन्यागणिक बदलते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा काही प्रकारच कायद्यात नाही, तरी त्या नावाने लोकांना व्हिडिओ कॉलवर बसवून आयुष्याची कमाई काढून घेतली जाते. हे केंद्राच्या अभ्यासक्रमात येईपर्यंत टोळी पुढच्या युक्तीवर गेलेली असते. इथे ऑनलाइनच हवं.

आणि हे फक्त सायबर कक्षासाठी नको. फसलेला माणूस आधी जवळच्या ठाण्यात जातो. तिथल्या अंमलदाराला एवढं माहीत पाहिजे की पहिली गोष्ट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. तिथून ती संबंधित बँकेकडे जाते आणि पैसा पुढच्या खात्यात गेला असेल तर त्यामागे पुढच्या बँकेकडे. एटीएममधून रोख निघायच्या आत गाठलं तरच रक्कम गोठते. त्याऐवजी माणसाला ‘आधी बँकेतून स्टेटमेंट घेऊन या’ म्हणून परत पाठवलं तर सगळं संपलं. एवढं शिकायला खोटी खोली लागत नाही. वीस मिनिटांचा मराठी व्हिडिओ पुरेसा आहे, आणि तो राज्यातल्या प्रत्येक ठाणे अंमलदाराने बघितलेला असला पाहिजे.

एक नागरिक

तुम्ही सगळे पोलीस आणि वकील, म्हणून बाहेरच्याचं ऐका. माझ्या बहिणीची पर्स बसमध्ये चोरीला गेली. ज्या ठाण्यात गेलो तिथे सांगितलं, हद्द आमची नाही. मी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते हे वाचून दाखवलं. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘माहीत आहे मला.’ आणि तरी नोंदवली नाही.

सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल २०१३ चा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंदवणं बंधनकारक, हे तेव्हाच ठरलं. इतक्या वर्षांत हे शिकवायचं राहिलंय असं मला वाटत नाही. जे माहीत आहे ते न करणाऱ्या माणसाला अजून एक कोर्स देऊन काय होणार? आणि त्यासाठी ठाण्यातला माणूस तासभर आत बसणार, म्हणजे बाहेर बाकावर आम्ही आणखी तासभर.

निवृत्त प्रशिक्षक

नागरिकांचं दुखणं खरं आहे, आणि ते प्रशिक्षणाने पूर्ण जाणार नाही. गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरून विचारणा होते, म्हणून खालचा माणूस नोंद टाळतो. ते बदलायचं काम वरिष्ठांचं. तरी एक सांगतो. गुन्हा नोंदवायला माणूस का कचरतो याचं एक कारण पुढच्या तपासाची भीतीसुद्धा असते. आता तक्रारदाराला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायची आहे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी आणायचं आहे. ज्याला हे जमत नाही तो दारातच माणूस परतवतो. हात बसलेला अधिकारी तेवढा घाबरत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

सायबरच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य. झडती आणि घटनास्थळाबाबत माझं मत तेच.

वकील मॅडमच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. मराठीतला नमुना पंचनामा, कलम १०५ च्या चित्रीकरणासकट, मी लिहून देतो. कुणाला वापरायचा असेल तर वापरा, त्रुटी असतील तर मॅडमनी काढाव्यात.

फौजदारी वकील

काढीन, आणि भरपूर काढीन. सुरुवात वेळेपासून: पंचनाम्यातली वेळ आणि व्हिडिओतली वेळ जुळते का ते आधी बघणार. मोबाइलचं घड्याळ आणि ठाण्याचं घड्याळ यातल्या फरकावर साक्षी फिरलेल्या आहेत.

तपासी अंमलदार

आमच्या प्रभारी साहेबांशी काल बोललो. हजेरीनंतर आठवड्यातून एक तास त्यांनी कबूल केला आहे. स्टेशन डायरीला नोंद होईल. एकाने एक धडा बघून यायचा आणि बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायचा, ताईंनी म्हटलेला भाषेचा प्रश्न त्याने थोडा तरी सुटेल. पहिला विषय १९३० चा, दुसरा कलम ६३ चं प्रमाणपत्र. सर, नमुना पाठवाच.

एक नागरिक

आणि त्या तासात कुणी फिर्याद घेऊन आलं तर?

तपासी अंमलदार

ठाणे अंमलदार त्या तासाला बसणार नाही, तो टेबलावरच असेल. त्याचा धडा पाळी बदलल्यावर. गर्दी झाली तर आतला एक माणूस उठून येईल, आणि कलम १७३ खाली हद्दीबाहेरची फिर्यादही घेतली जाईल. ज्यांची टेबलावर पाळी असते त्या सगळ्यांना हे साहेबांनी समोर उभं करून सांगितलं आहे. तुमच्या बहिणीची तक्रार अजून नोंदली गेली नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, कलम १७३(४) त्यासाठीच आहे. तिथेही दाद लागली नाही तर त्याच कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.