कूलंट जाते कुठं? लिहा आपापले अनुभव

काल दर्यापूर रोडवर एक जीप बोनेट उघडून वाफा सोडत उभी होती, अन् आमची जुनी डिझेल गाडी आठवली. खाली डबकं नाही, पाइप कोरडे, धूर नाही, तरी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी उतरतच राहायची. जो तो मेकॅनिक म्हणे, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं थंड इंजिनवर रेडिएटरमध्ये हातपंपानं हवेचं प्रेशर भरलं अन् चहाले गेला. परत येतो तर काटा उतरलेला, वॉटर पंपाच्या बारक्या भोकातून थेंब. गाडी गरम असली की तो खाली पडायच्या आधीच वाळे, मागे नुसता हिरवट डाग. तुमचं सांगा.

खारपाणवाला: बोअरचं पाणी टाकलं असन. आमच्या पट्ट्यात रेडिएटर आतूनच खाल्ला जाते. कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

वणीकर: मे महिन्यात काचेवर आतून चिकट धुकं अन् गोडसर वास! बायको म्हणे अत्तर सांडलं का. पायाखालची चटई ओली. हीटरची जाळी फुटली होती. आपल्याकडं हीटर लावते कोण, पण पाणी तर फिरतेच ना त्यातून.

पऱ्हाटी: रेडिएटरचं झाकण बदलून पाहा आधी. रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, मंग उकळून बाहेर. गरम गाडीचं उघडू नका फक्त.

मेहकरची सून: सांडलेलं लगेच पुसा. गोड लागते म्हणून कुत्रं चाटते, अन् विष आहे ते.

खारपाणवाला: दर्यापूरकडं पाणी पडलं का? इकडं सोयाबीन सुकून राह्यलं.

स्टेअरिंग: डिझेलवाल्यांनो, ईजीआर कूलर पाहा, इंजिनात परत जाणारा धूर कूलंटनं थंड करते तो. आतून चिरला की कूलंट सायलेन्सरातून वाफ होऊन जाते. यासाठी लोकांनी हेड उतरवले, हेडखालचं गॅस्केट (सीलची पट्टी) चांगलंच निघालं.

पऱ्हाटी: माह्या कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात बे. स्टार्ट केली की लगेच.

स्टेअरिंग: थांबतच नाहीत? रेडिएटरचा वरचा पाइप थंड्या गाडीतच दगडासारखा होते? मंग गॅस्केटच असन. टाकीच्या तोंडावर निळ्या पाण्याची टेस्ट करून घे, पिवळं पडलं तर इंजिनचा जळका वायू येऊन राह्यला. यवतमाळच्या लग्नाले ते गाडी नेऊ नको.

पऱ्हाटी: एसटीनं येतो मंग. आहेर तू घेऊन ये.