'परफेक्ट सेन्स': साथ नसती तर हे दोघं एकत्र आले असते का?

मीठमिरची
काल रात्री 'परफेक्ट सेन्स' (२०११) पुन्हा बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्लासगोत मायकल (युअन मॅकग्रेगर) रेस्टॉरंटात शेफ, सुझन (एव्हा ग्रीन) साथरोगतज्ज्ञ. जगभर एक विचित्र आजार पसरतो. आधी माणूस ढसाढसा रडतो आणि वास जातो. मग भीती, पाठोपाठ राक्षसी भूक, आणि चव जाते. मग संताप, मग बहिरेपण. शेवटी दृष्टी. (शेवट फोडणार आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.)

माझं म्हणणं, ही प्रेमकथा नाही. शेजारी कोणी असलं तर झोप लागत नाही म्हणून बाईला रात्री घरी पाठवणारा हा माणूस. तो बदलतो कशामुळे? जग बुडतंय म्हणून. पावसात दोन अनोळखी माणसं एका पत्र्याखाली उभी राहिली तर त्याला आपण प्रेम म्हणतो का? एका माणसाला शहाणं करायला दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झीने अख्ख्या जगाचं नाक कापलंय.

हिंगाचा डबा
नाक कापलं, हे आवडलं. बाकी साफ असहमत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा वास गेला. सकाळी फोडणी टाकली, मोहरी तडतडलेली ऐकू येत होती, कढीपत्ता उडताना दिसत होता, पण वास शून्य. हिंगाचा डबा उघडून नाक आत खुपसलं तरी काही नाही. तिथे उभी राहून रडले. आमचे हे पंधरा दिवस माझी खारट आमटी 'मस्त झालीये' म्हणत ओरपत होते. कोविडच्या नऊ वर्षं आधीचा हा सिनेमा मला त्यानंतर बघवत नव्हता, इतका तो खरा वाटला.

आणि मायकलच्या स्वयंपाकघराकडे बघा ना. वास गेला तर हे लोक तिखट, मीठ, आंबट वाढवतात. चव गेली तर कुरकुरीतपणा, गरम-गार, पानात दिसतं कसं याच्या मागे लागतात. गिऱ्हाईकंही येतात! हातात उरलंय तेवढ्यावर संसार करायचा. मला प्रेम त्यातच दिसलं.

मीठमिरची
ताई, तुमच्या घरची आमटी लग्नाला किती वर्षं झाल्यावरची? तोच माझा मुद्दा. तुमचं आधी होतं, साथ नंतर आली.

तिसरी घंटा
विज्ञान म्हणून बघायला जाल तर फसाल. खऱ्या कोविडमध्ये विषाणू मुख्यतः वास ओळखणाऱ्या चेतापेशींच्या शेजारच्या आधारपेशींना धरत होता, म्हणून बहुतेकांचा वास परत आला. इथे आधी भावना उसळते, मग इंद्रिय जातं. हे वैद्यकशास्त्र नव्हे, रूपक आहे. माझी तक्रार वेगळी. नायिका साथरोगतज्ज्ञ, आणि कथेला तिच्या कामात काडीचा रस नाही. तिला शिंपीण केलं असतं तरी काय फरक पडला असता?

अवांतर: छायाचित्रण जाइल्स नटगेन्स यांचं. दीपा मेहतांचे 'फायर', 'अर्थ', 'वॉटर' त्यांनीच टिपलेत.

कोपऱ्यातली खुर्ची
मीठमिरची, संतापाचा प्रसंग तुम्ही सोयीस्कर गाळलात. आजाराच्या भरात मायकल सुझनला नको नको ते बोलतो, ती निघून जाते. आजाराने जोडलं म्हणता, तर तोडलंही आजारानेच. मग परत कोणी आणलं?

मीठमिरची
तेही आजारानेच! दृष्टी जायच्या आधी सगळ्यांना प्रेमाचा उमाळा येतो, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, आणि त्याच लाटेत हे दोघं एकमेकांना शोधत निघतात. त्या मिठीत दोघांचं स्वतःचं किती आणि रोगाचं किती, सांगा बघू.

कोपऱ्यातली खुर्ची
हं. हे तिरकस आहे, पण उत्तर नाही माझ्याकडे. मात्र उमाळा आला म्हणून कोणालाही मिठी मारता आली असती. अख्खं ग्लासगो रस्त्यावर होतं. तो तिलाच शोधतो, ती त्यालाच.

हिंगाचा डबा
साबणाबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

चव गेलीये. दोघं टबात बसलेत. साबणाची वडी चावून बघतात, दाढीचा फेस खातात, आणि हसत सुटतात. रडण्याची लाट नाही, भीतीची नाही, उमाळ्याची तर अजून यायचीये. मधल्या रिकाम्या वेळात कोणी काही करायला लावलेलं नाही. रोगाने फक्त चव नेली, साबण खायची बुद्धी या दोघांची.

मीठमिरची
हा प्रसंग मी 'गंमत' म्हणून सोडून दिला होता. रात्री तेवढाच पुन्हा बघतो.

तिसरी घंटा
बघाच. आणि जमलं तर एक वडी जवळ ठेवा.