राणीच्या बागेत प्राण्यांपलीकडे काय पाहावे?

नाशिककर
येत्या फेब्रुवारीत आम्ही दोन शाळकरी भाच्यांना घेऊन मुंबईला येणार आहोत आणि एक पूर्ण दिवस भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानासाठी, राखून ठेवला आहे. ज्यांना विचारले त्यांनी एकच सल्ला दिला की पेंग्विन पाहा, वाघ पाहा आणि दोन तासांत बाहेर पडा. दीडशे वर्षांहून जुन्या बागेत एवढेच असेल हे मनाला पटत नाही. बागेचा इतिहास काय आहे आणि तिथे जाणकाराच्या नजरेने काय पाहावे, हे माहीतगारांनी कृपया सांगावे.

माझगावकर
आपली शंका रास्त आहे. प्राणी या बागेत नंतर आले. मुळात ही वनस्पतींची बाग आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची आधी शिवडीला बाग होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेने माझगाव-भायखळ्याच्या या जमिनीवर नव्याने लागवड केली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १८६२ मध्ये ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ती लोकांसाठी खुली झाली. १८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली आणि १८९० मध्ये शेजारची आणखी १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालयाला जागा करून देण्यात आली. आज सगळा विस्तार सुमारे पन्नास एकरांचा आहे. दक्षिण मुंबईत एवढी सलग हिरवी जमीन शिल्लक राहिली, याचे मोल तिथल्या दाटीत राहणाऱ्यांनाच खरे कळते.

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर थेट पिंजऱ्यांकडे न वळता आधी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे जावे. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय असून ते १८७२ मध्ये खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीने नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी झटले, आणि म्हणूनच १९७५ मध्ये भाऊंचे नाव त्याला देण्यात आले. आतले सोनेरी नक्षीचे ओतीव लोखंडी खांब आणि नाना जातिव्यवसायांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती मुलांना नक्की आवडतील. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ही वास्तू पुन्हा उघडली तेव्हा तिचे मूळचे रंग प्रथमच आमच्या पिढीला दिसले.

संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मात्र चुकवू नका. हा मूळचा घारापुरीचा. बेटावर उतरण्याच्या जागेजवळ तो उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी तो उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. जवळ जाऊन पाहिले तर अंगावरचे सांधे दिसतात. मुलांना ते दाखवा आणि त्यांनाच विचारा की दगडाला भेगा का पडल्या असतील.

फोर्टवासी
वरील माहितीत पुतळ्यांची भर घालतो. काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव पडले, तो युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ पासून याच बागेत आहे. आज काळा घोडा चौकात दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला नवा घोडा. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही फोर्टातून इथे आला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या देणगीतून तो घडवला गेला होता. दामोदर चापेकरांनी १८९७ मध्ये रँडचा वध करण्याच्या आधी ज्या पुतळ्याला डांबर फासले, तो हाच. आता तो संग्रहालयाच्या मागच्या बाजूला असून त्याचे नाक तुटलेले आहे. परकी सत्तेचे पुतळे फोडून न टाकता शहराने ते एका बागेत आणून ठेवले, हा निर्णय मला अतिशय समंजस वाटतो, कारण चापेकरांचे धाडस त्या पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर जितके समजते तितके पुस्तकात वाचून समजत नाही.

वृक्षप्रेमी
नाशिककर, फेब्रुवारीत येत आहात हे फार चांगले, कारण उर्वशी साधारण त्याच सुमारास फुलू लागते. हा मूळचा म्यानमारचा वृक्ष. तांबड्या फुलांवर पिवळा ठिपका असतो आणि फुलांचे घोस लांब दांड्यावरून झुंबरासारखे खाली लोंबतात. भारतात तो सहज पाहायला मिळत नाही. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. एखादे खाली पडलेले फूल उचलून मुलांच्या हातावर ठेवा. मांसल गुलाबी पाकळ्यांच्या मध्ये पुंकेसरांचा एक पट्टा फण्यासारखा वाकून मधल्या भागावर छत्र धरतो, आणि पिंडीवरच्या नागाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वासही उग्र गोड असतो. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तिच्या फुगीर खोडावरून लगेच ओळखू येते, तर कृष्णवडाच्या पानाचा देठाजवळचा भाग द्रोणासारखा दुमडलेला असतो.

इथे तीन हजारांहून अधिक झाडे असून त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक शहरात इतरत्र आढळत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही उघड्यावरची प्रयोगशाळाच आहे.

दोन मुलांची आई
एक विनंती करते. इतिहासाच्या उत्साहात मुलांचे पेंग्विन बुडवू नका. २०१६ मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले आणि २०१७ पासून ते लोकांना पाहता येतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी असल्याने त्याला काचेआडच्या थंड दालनात ठेवतात. पाण्याखालची त्यांची झेप पाहताना मुले तिथून हलत नाहीत. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद असते. सुटीच्या दिवशी तिकिटाला फार गर्दी होते, तेव्हा मधला वार निवडा.

नाशिककर
सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या जुन्या झाडांना प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा धोका पोहोचत नाही का?

वृक्षप्रेमी
पोहोचला होता. २००७ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा जो आराखडा पुढे आला, त्यात झाडे व जुनी रचना यांची हानी होईल असे दिसताच वनस्पतिप्रेमी नागरिकांनी, विशेषतः काही जाणत्या महिलांनी, झाडांची गणना करून, नोंदी मांडून विरोध केला. बागेला वारसा स्थळाचा दर्जा असल्याने प्रश्न वारसा समितीपुढे गेला आणि मूळ आराखडा बदलावा लागला. नवे पिंजरे आणि दालने त्यानंतरही उभी राहत आहेत, म्हणून तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने झाडांची चौकशी करावी, नावाच्या पाट्या गळाल्या असतील तर उद्यान कार्यालयात कळवावे, असा माझा आग्रह आहे. आपण उर्वशीजवळ पोहोचलात आणि ती फुललेली असली तर या धाग्यावर जरूर कळवा. यंदाच्या बहराची नोंद आम्हाला हवीच आहे.