सज्जनगड नेमका कोणत्या विभागात ठेवावा?
सातारा जिल्ह्याच्या संकेतस्थळासाठी ह्यूगोमध्ये (संकेतस्थळ तयार करणाऱ्या साधनामध्ये) तालुकावार विभाग करावेत, अशी एक सूचना आली आहे. मला मात्र विषयवार विभाग अधिक योग्य वाटतात. ह्यूगोत मजकूर ठेवायच्या ‘कंटेंट’ या फोल्डरमधील पहिल्या पातळीवरचे प्रत्येक फोल्डर आपोआप विभाग ठरते, पण त्याच्या आतील फोल्डरला तो दर्जा हवा असेल, तर तिथे अंडरस्कोअरने सुरू होणारी इंडेक्स फाइल (_index.md) ठेवावीच लागते. ‘किल्ले’मध्ये मी त्या अंडरस्कोअरविना इंडेक्स फाइल ठेवली, त्यामुळे ह्यूगोने ते फोल्डर विभागाऐवजी एकच पान मानले आणि अजिंक्यतारा, वासोटा ही पानेच तयार होईनात. खरा पेच सज्जनगडाचा आहे, कारण तो किल्लाही आहे आणि समर्थांचे समाधिस्थानही. फाइल एकाच फोल्डरात राहते, म्हणून ती ‘किल्ले’मध्ये ठेवून ‘देवस्थान’ हा टॅग द्यावा; तालुकाही टॅगनेच नोंदवावा.